उंच पायांची डोंगागाडी

केशवराव जमिनीवर बोलत नाहीत. आळीतल्या मांजरांनासुद्धा हे ठाऊक आहे.

मुके म्हणावं तर तेही नाही. हाक मारली तर 'हूं' म्हणतात, ताटात जास्त पडलं तर 'पुरे' म्हणतात, आणि कोणी वारल्याचं कळलं तर जिभेनं 'च्' करतात. एवढ्या भांडवलावर या माणसानं साठी ओलांडली, लेकीबाळींची लग्नं लावली आणि तलावाच्या बैठकीत दरवर्षी शिंगाड्यांचा पट्टा सांभाळून ठेवला. समोर राहणारा बंडू शिंपी म्हणतो, "केशोभाऊच्या तोंडाले शिलाई हाय. अन् टाका माया हातचा नाई बरं, नाईतर कवाच उसवला असता."

त्यांच्या बायकोची, पार्बताबाईची, मात्र आळीला दया यायची आणि दयेच्या वर थोडी शंका यायची. कारण ही बाई कधी तक्रारच करत नसे. अशा माणसाशी संसार केला म्हणजे चार बायकांत बसून पदर डोळ्याला लावायचा तिला हक्कच होता. पण कोणी विषय काढला की पार्बताबाई शिंगाडे निवडता निवडता म्हणायची, "बोलतेत न व. बम बोलतेत."

"कवा?"

"डोंगा नेताना."

आता हे काय आहे ते सांगितलंच पाहिजे.

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडचं हे गाव. गावाच्या एका अंगाला जुना तलाव, आणि डांबरी रस्ता ओलांडून बाभळीच्या वळणापलीकडे दुसरा. दसऱ्यापासून थंडी सरेपर्यंत दोन्हींत शिंगाड्यांचे वेल पसरलेले. ते तोडायला डोंगा, म्हणजे लहानशी होडी, लागतो. केशवरावांचा डोंगा सागाच्या फळ्यांचा, बुडाला डांबर फासलेला, एक माणूस मांडी घालून बसेल एवढाच. काठावर ठेवावा तर गावातली रिकामी मंडळी तो घेऊन मौज करतात आणि बूड फोडून ठेवतात, म्हणून सकाळी घरून न्यायचा आणि सांजच्याला परत आणायचा. नेण्याची रीत अशी, की डोंगा पालथा करायचा, डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि दोघांनी दोन टोकांना आत डोकं घालून उचलायचा. पुढे केशवराव, मागे पार्बताबाई. बाहेरून बघणाऱ्याला चार पायांचं एक लांबोडकं काळं जनावर रस्त्यानं चाललेलं दिसे. पाण्यात डोंगा एकाचा, पण जमिनीवर दोघांचा.

पार्बताबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा घर दोन खोल्यांचं होतं आणि दोन खोल्यांच्या मधोमध, दारातच, सासूचा, आत्याबाईंचा, लोखंडी पलंग होता. आत्याबाईंना डोळ्यांनी कमी दिसे, ती कसर त्यांनी कानांत भरून काढली होती. नवऱ्यानं कूस बदलली तरी "काय झालं रे?" म्हणून आवाज यायचा. लग्न होऊन महिना झाला, नवऱ्याचा आवाज कसा आहे तेच पार्बताबाईला ठाऊक नव्हतं. मग शिंगाडा लागला. पहिल्या दिवशी ती डोंग्याखाली शिरली. आत काळोख, डांबराचा वास, समोर फक्त दोन टाचा. दहा पावलं चालल्यावर डोंग्याच्या पोटातून घुमून एक आवाज आला.

"तुले वांग्याची भाजी आवडत नाई काय?"

ती दचकली. डोंगा हलला. ताटातलं वांगं ती रोज भाकरीखाली लपवत होती, ते कोणी पाहिलं असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"नाई," ती म्हणाली.

"मलेबी नाई," डोंगा म्हणाला.

मागून टोपलं घेऊन येणाऱ्या आत्याबाई थांबल्या. "काय घुमून राह्यलं व?"

"काई नाई आत्याबाई," पार्बताबाई आतून म्हणाली, "भुंगा हाय."

तेव्हापासून जे काही बोलणं झालं ते डोंग्याखाली. पोरीचं नाव काय ठेवायचं, मोठ्याला अकोल्याला शिकायला पाठवायचं का, धाकटा पोटातच गेला तेव्हा कोण जास्त रडलं, सगळं तिथेच. शिंगाड्याचे महिने बोलायचे आणि बाकीचे महिने ते बोलणं पुरवून पुरवून वापरायचे. आळीनं काय ऐकायचा प्रयत्न केला नाही? एकदा बंडू पार दुसऱ्या तलावापर्यंत डोंग्याला खेटून चालत गेला. परत येऊन म्हणाला, "गूं गूं गूं. बाप्पा, माये कानच भरले."

गेल्या हंगामाच्या शेवटच्या खेपेला गंमत झाली. म्हणजे पार्बताबाईच्या जिवाला घोर लागला. सांजवेळ होती, डोंगा घरी चालला होता. बाभळीच्या वळणावर केशवराव म्हणाले, "पार्बते, एक गोठ मनात हाय. सांगू काय?"

"सांगा न."

तेवढ्यात मागून एसटीनं भोंगा दिला. दोघं घाईनं रस्त्याच्या कडेला उतरले. उतरताना तिचा आधीच दुखरा उजवा गुडघा पुन्हा लचकला आणि तिनं ओठ चावला. एसटी गेली, धूळ बसली, पण केशवराव काही बोलले नाहीत. मग घराचं कुंपण आलं. डोंगा खाली ठेवला.

"काय म्हनत होते?" तिनं विचारलं.

"हूं," केशवराव म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

झालं. हंगाम संपला. डोंगा अंगणातल्या निंबाखाली पालथा पडला आणि पार्बताबाईच्या मनात ती गोठ अडकून राहिली. काय असेल? दुखणं असेल का, सांगत नसतील. डोंगा विकायचा असेल. पोराकडे अकोल्याला राहायला जाऊ म्हणतील, तर तिथे नळाचं पाणी आणि चौथा मजला, तिथे हा माणूस कुठे बोलेल? उन्हाळाभर ती झुरली. एकदा तर तिनं युक्ती केली. निंबाखालच्या डोंग्याची एक बाजू दगड लावून उचलली, स्वतः खाली सरकून बसली आणि हाक मारली, "आवो, या बरं इकडे. खालून भोक दिसून राह्यलं." केशवराव आले. वाकले. आत डोकं घालून त्यांनी बोटानं चार ठिकाणी ठकठक केलं.

"नाई," म्हणाले आणि उठून गेले.

डोंगा चालला पाहिजे, तेव्हाच त्यांची वाचा चालते, हे तिला तेव्हा पटलं. शिंगाडा लागायची वाट पाहायची, दुसरा इलाज नव्हता.

पोळा झाला आणि एके दिवशी केशवरावांनी आत्याबाईंचा लोखंडी पलंग खोलला, सायकलला बांधला आणि नांदगावला नेला. आत्याबाई जाऊन वर्षं लोटली होती, तरी आळीत चर्चा झालीच. "आईचा पलंग भंगारात!" पण पलंग गेला होता रहमतुल्लाकडे. रहमतुल्लाचं बसस्टँडमागे सायकलचं आणि वेल्डिंगचं दुकान आहे. सायकलीला तो हात लावतो तो डॉक्टरनं नाडी बघावी तसा, आणि पेशंटला शिव्याही डॉक्टरसारख्याच देतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पलंग परत आला तो दोन चाकांवर. सायकलच्या मागे जोडायची गाडी झाली होती. पलंगाच्या पाइपांची चौकट, जुन्या सायकलींची चाकं, आणि पुढे एक लांब दांडी. ती दांडी सीटखालच्या नळीला जोडायला रहमतुल्लानं ट्रकच्या टायरचा जाड तुकडा लावला होता, म्हणजे वळताना जोड वाकेल आणि सायकल आडवी पडणार नाही. तो स्वतः मोपेडवर मागून आला होता. काम नामी झालं होतं आणि ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. केशवरावांच्या तोंडून ऐकायला मिळेल अशी आशा त्याला अर्थातच नव्हती.

"पाहा वहिनी," तो पार्बताबाईला म्हणाला, "आता डोंगा डोक्यावर नाई. एकला माणूस नेते. तुमी आरामात या मांगून, टोपली घेऊन, शेठानीसारख्या!"

पार्बताबाईनं गाडीकडे पाहिलं. गाडीत डोंगा उताणा बांधला होता, आभाळाकडे आ वासून.

"बरी हाय," ती म्हणाली. अशी म्हणाली की रहमतुल्लानं चहा अर्धाच घेतला.

दसऱ्याला तिनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी केशवराव सायकलवर बसले, पायडल मारलं आणि डोंगा घेऊन सरसर गेले. आळीतल्या बायका दारांत उभ्या. "काय नशीब व पार्बताबाई! आमच्यावाल्यानं त जन्मात घागर उचलली नाई." पार्बताबाई टोपलं घेऊन मागून निघाली. बाभळीच्या वळणावर पोचली तेव्हा पुढे रस्ता रिकामा होता, आणि लांब, तलावाच्या पाळीवर, एक ठिपका डोंगा सोडत होता.

त्या गोठीचं काय झालं असेल, हे विचारायला आता जागाच उरली नव्हती.

पुढचे काही दिवस तिचं आणि गाडीचं वाकडं आलं. चाक कुरकुरते. दोरी डोंग्याले काचते. सायकलच्या धुळीनं शिंगाडे खराब होतेत. पाण्यातले शिंगाडे रस्त्याच्या धुळीनं कसे खराब होतील, हे विचारायची केशवरावांची रीत नव्हती. शेवटी एका सकाळी तिनं रामबाण काढला.

"आत्याबाई म्हनत, कोरड्या जमिनीवर डोंगा उताणा नेऊ नाई. घराले बरं नसते."

आळी थक्क झाली. आत्याबाईंनी जे जे म्हटलं ते ते या बाईनं आयुष्यभर उलटं केलं होतं. शनिवारी केस धुतले, दारात बसून खाल्लं, सासूच्या देखत मुरमुऱ्यांचा चिवडा मागून घेतला. आणि आता मेल्यावर आज्ञाधारक? पण केशवरावांनी 'हूं' केलं, गाडी नांदगावला नेली, आणि येताना चौकटीवर दोन आडव्या पट्ट्या ठोकून आणल्या. आता डोंगा गाडीवर पालथा बसला, रस्त्यातल्या कासवासारखा. त्यांनी पार्बताबाईकडे पाहिलं. डोळ्यांत प्रश्न होता.

पार्बताबाई म्हणाली, "हूं."

आळीनं कपाळाला हात लावला. एका घरात एक मुका परवडतो. दोन झाले तर आळीनं करमणूक कोणाकडे पाहून करायची?

आता खरं सांगायचं तर ती रुसली नव्हती. रुसायला समोरच्यानं काही वाईट केलेलं लागतं. या माणसानं तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं होतं, आईचा पलंग मोडून. त्याला काय म्हणायचं? ओझं परत दे म्हणायचं? गुडघा तर रात्रंदिवस ठणकत होता. जिना चढल्यासारखं एकेक पाऊल टाकत ती काठावर पोचायची, शिंगाडे निवडायची, आणि पाण्यातल्या माणसाकडे पाहायची. तो वेलांत वाकलेला. हाकेच्या अंतरावर, पण हाक मारून बोलायचं ते बोलणं नव्हे. दुपारी भाकर खाताना तिनं एकदा तोंड उघडलंही होतं. शेजारच्या डोंग्यातला म्हातारा म्हणाला, "काय म्हनता वहिनी?" आणि तिनं ते मिरचीवर ढकललं.

एका सांजेला बंडूनं एक दृश्य पाहिलं आणि पाहिल्या पाहिल्या घरोघर वाटलं. केशवराव अंगणात एकटेच, गाडीशेजारी गुडघ्यांवर बसले होते आणि गाडीवरच्या पालथ्या डोंग्याखाली त्यांनी मान वाकडी करून डोकं घातलं होतं.

"काय हारपलं केशोभाऊ?" बंडूनं विचारलं.

डोकं बाहेर आलं. बंडूकडे पाहून परत आत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्बताबाई भांडी घासत होती. केशवराव सुतळीचा तुकडा घेऊन आले.

"उभी राय."

हे त्यांच्या मानानं प्रवचनच होतं. ती राखेच्या हातांनी उठली. त्यांनी तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी केली, सुतळीचं एक टोक तिच्या पायाच्या अंगठ्याशी धरलं आणि दुसरं वर नेलं. डोक्यापर्यंत नाही, कानापर्यंत. तिथे गाठ मारली.

"कायले?" तिनं विचारलं. "ब्लाउज शिवता काय माया? त्याले बंडू हाय."

"हूं," म्हणाले आणि सायकल घेऊन गेले.

गाडी आणून द्यायला या खेपेला रहमतुल्ला स्वतः आला तो भांडायच्या तयारीनंच. गाडी बघायला सगळी आळी गोळा झाली. चौकटीच्या चार कोपऱ्यांवर पलंगाचेच उरलेले पाइप उभे केले होते, चांगले उंच, आणि त्यावर डोंगा ठेवायचा. चाकं दूर दूर नेली होती. मागची आडवी पट्टी कापून टाकली होती, त्यामुळे गाडीचं मागचं अंग दार उघडं टाकल्यासारखं दिसत होतं.

"अगा बाप्पा," बंडू म्हणाला, "मांडव हाय का उंट?"

"मले काय इचारतं!" रहमतुल्ला तडकला. "म्या हात जोडले यायले. म्हटलं, भाई मेरे, बोजा नीचे रखते हैं. एवढा उंच ठेवला त वाऱ्यानं लोळते. मंग चाकं रुंद केली, काय करतो? म्या इचारलं, एवढी उंच कायले? तर खिशातून सुतळी काढली अन् म्हनते कसे..." तो पार्बताबाईकडे वळला. "वहिनी, पहिल्यांदाच याचा आवाज आयकला म्या. म्हनते, 'तिच्या कानाएवढी.' आता कान अन् डोंगा, मले त काई समजलं नाई. तुमाले समजलं काय?"

पार्बताबाई वळली. ती आत गेली. जाताना उंबऱ्याला ठेच लागली. आत पाण्याच्या माठावरचं झाकण तिनं उगाचच काढलं, उगाचच ठेवलं. बाहेर येताना पदर डोक्यावरून नीट घेतला होता, नव्या नवरीसारखा.

"चाहा घेऊन जाजा रहमतुल्लाभाऊ," ती म्हणाली. "पुरा."

दुसऱ्या सकाळची मिरवणूक आळी विसरणार नाही. पुढे सायकल, पण सायकलवर कोणी बसलेलं नाही. केशवराव हँडल धरून पायीच. मागे ती उंच पायांची गाडी डुगडुगत. सायकलीवर पुढे आलेल्या डोंग्याच्या टोकात केशवरावांचं डोकं, आणि मागच्या उघड्या अंगातून आत शिरून, दोन्ही हातांनी बाजूचे पाइप धरून चालणाऱ्या पार्बताबाईचं डोकं दुसऱ्या टोकात. तिला डोंगा बरोबर कानाशी येत होता. केशवराव उंच, त्यांना पार वाकून चालावं लागत होतं. बंडूनं मोबाइलवर सगळं टिपलं आणि गावच्या ग्रुपवर टाकलं, 'वरात निघाली' असं लिहून.

आत तोच काळोख होता आणि तोच डांबराचा वास. समोर त्याच दोन टाचा, भेगा तेवढ्या वाढलेल्या. डोक्यावर मात्र वजन नव्हतं. शाळा मागे पडली. पिठाची चक्की मागे पडली. केशवराव गप्प. पार्बताबाई पावलं मोजायला लागली. वजनाशिवाय ह्या माणसाला बोलता येत नसेल तर? सगळी खटपट करून वाचा त्या ओझ्यातच राहिली असेल तर?

बाभळीचं वळण आलं.

"पार्बते."

डोंगा घुमला. तिनं पाइप घट्ट धरले.

"आता तरी सांगा," ती म्हणाली. "त्या दिशी यिथं काय म्हनत होते? वरीस होत आलं, माया जीव टांगला तुमी."

पुढच्या टाचा एका खड्ड्याला वळसा घालून गेल्या.

"थेच," केशवराव म्हणाले. "एक गाडी करावं म्हनत होतो. डोंग्याची."

पार्बताबाई थांबली. ती थांबली म्हणून गाडी थांबली, सायकल थांबली.

"हे? एवढंच? मले वाटलं तुमाले काई दुखणं हाय! मले वाटलं डोंगा इकता! अन् गाडी करावं, एवढं सांगाले..."

"सांगाचं नव्हतं. इचाराचं होतं," केशवराव म्हणाले. "गुडघ्यापायी तुले पायजे का नको, म्हून. मंग मोटार आली. मंग घर आलं."

"मंग घरी इचारता येत नव्हतं?"

केशवरावांनी हँडल पुढे रेटलं. गाडी पुन्हा चालू लागली.

"पन गुडघ्याचं तुमाले कोनं सांगतलं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. "म्या त कोनाले शबुद बोलली नाई."

"डोंग्यानं."

"अं?"

"मांगच्या दोन वर्सापासून तू उजवीकडं कलून राह्यली चालताना. डोंगा सांगते न. डोक्याले समजते. म्हून मी चुंबळ घेऊन मांगं सरकलो होतो हातभर. तुयाकडं वजन कमी याव म्हून."

पार्बताबाईला आठवलं. दोन वर्षं ती सगळ्या आळीला सांगत होती, की लाकूड जुनं झालं, सुकलं, आता आमचा डोंगा पिसासारखा हलका झाला. काठावरच्या बायकांनाही तिनं हे कौतुकानं ऐकवलं होतं. आणि हा माणूस पुढे मान मोडून चालला होता.

ती हसली. हसताना तिचा आवाज कुठेतरी ओला झाला आणि डोंग्यानं तो दोघांभोवती फिरवला.

"भैताड," ती म्हणाली. नवऱ्याला वेडा म्हणायची तिची ही पहिलीच वेळ होती, आणि ती जागाही तशीच होती, की बाहेर कोणाला ऐकू गेलं नसतं.

"हूं," केशवराव म्हणाले. आणि मग, जमिनीवरचं ते 'हूं' नव्हे हे तिला कळावं म्हणून की काय, "कंबर दुखून राह्यली माई. रहमतुल्लाले सांगून पुढून थोडी उंच करू काय?"

"करा. नाईतर सारीच उंच करा, मी टाचा उचलून चालीन."

"तुया गुडघा?"

"मंग राहू द्या. वाकूनच चाला."

तेवढ्यात मागून एसटीनं भोंगा दिला. तीच असेल, आता सकाळच्या फेरीची. गाडी कडेला घेताना वर डोंगा डुलला, रहमतुल्लानं भाकीत केलं होतं तसा. पण चाकं रुंद होती, आणि दोन बाजूंनी चार हात होते. एसटी गेली. खिडकीतल्या माणसांनी वळून वळून पाहिलं.

आता पूर्ण हंगाम ही गाडी अशीच चालते. दांडी आहे, टायरचा जोड आहे, सायकल आहे, पण सायकलीवर कोणी बसत नाही. रहमतुल्ला बसस्टँडवर भेटेल त्याला सांगतो, "म्या एवढी नामी गाडी बनवली, अन् हे लोक तिले पायी नेतेत. गाढवपना!" आणि सांगताना त्याचं तोंड मात्र हसरं असतं.

बंडूनं आशा सोडलेली नाही. परवा तो पुन्हा डोंग्याला खेटून चालला. आतून गूं गूं सुरू होतं, मधे कोणीतरी खुसकन हसल्यासारखं वाटलं. न राहवून त्यानं डोंग्याच्या बुडावर टकटक केलं.

"वहिनी, एवढं काय बोलता व आत?"

आवाज थांबला. मग आतून, अगदी गोड, उत्तर आलं.

"काई नाई बंडूभाऊ. भुंगा हाय."